डब्याला दुसरं भोक

बिघाड दुरुस्त करणं ही एक विद्या आहे आणि बिघाड शोधून काढणं ही दुसरी. पहिलीला हत्यारं लागतात, सुटे भाग लागतात, हाताला सवय लागते. दुसरीला यातलं फारसं काही लागत नाही. लागतो तो थोडा धीर, आणि ‘असं का झालं असेल?’ हा प्रश्न न कंटाळता पुन्हा पुन्हा विचारण्याची तयारी. पहिल्या विद्येची माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात, दुसरीची मात्र कमी होत चालली आहेत. घरातला मिक्सर बंद पडला, पाण्याची मोटर रुसली, की हल्ली पहिला प्रश्न येतो तो ‘काय बदलायचं?’ हा. ‘काय झालंय?’ हा प्रश्न मागेच कुठेतरी राहून जातो.

हे सारं डोक्यात यायला निमित्त झालं एका जुन्या मोटारीचं आणि तिच्यातल्या, लहानशा तांब्याएवढ्या पेट्रोल पंपाचं. पेट्रोल पंप म्हणजे आपण रांगेत उभे राहतो तो नव्हे. गाडीच्या मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढच्या इंजिनापर्यंत पोहोचवणारा, गाडीच्याच पोटातला पंप. मोटारीची फारशी आवड नसलेल्या वाचकांनी इथेच पान उलटू नये, अशी विनंती आहे. कारण ही गोष्ट शेवटी स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्यापाशी येऊन थांबते.

मोटार नवी होती तेव्हापासून हा प्रश्न तिच्या जन्मदात्यांपुढे होता. टाकी इंजिनापेक्षा उंचावर ठेवली तर पेट्रोल आपोआप उतरून येतं. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’मध्ये हीच सोय होती. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी लाखोंनी खपली. पण तिची टाकी होती सीटखाली. मोठा चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, की इंजिन वर आणि टाकी खाली अशी अवस्था व्हायची. मग शहाणे लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे! पुढे टाकी मागे गेली, चांगली खाली बसली, आणि पेट्रोल वर खेचून आणायला पंप आवश्यक झाला. आपल्या फियाटला, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीला, इंजिनाच्याच जोरावर चालणारा यांत्रिक पंप होता. भर उन्हात घाटात तो तापला की त्यावर ओलं फडकं टाकून बसलेली कुटुंबं अनेकांना आठवत असतील. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि ती ओली फडकीही बहुधा तिच्याबरोबरच गेली.

विलायती गाड्यांनी मात्र वेगळा मार्ग धरला होता. ‘एस. यू.’ नावाची एक कंपनी होती. या अद्याक्षरांचा अर्थ ‘स्किनर्स युनियन’. स्किनर हे पादत्राणांच्या धंद्यातलं घराणं. त्यातल्या जॉर्ज स्किनरला मोटारींचं वेड लागलं आणि त्याने कार्बुरेटर तयार केला. त्या पहिल्या कार्बुरेटरमधला भाता चामड्याचा होता, हे घराण्याला शोभण्यासारखंच. १९२६ साली मॉरिस मोटारींचे मालक विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी विकत घेतली. तिने पुढे विजेवर चालणारा एक छोटा पंप काढला आणि तो कित्येक ब्रिटिश गाड्यांत बसला. त्यातलीच एक गाडी मॉरिस मायनर. १९४८च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस, ज्यांनी पुढे १९५९ साली ‘मिनी’ घडवली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हीच मायनर ‘बेबी हिंदुस्थान’ या लाडक्या नावाने रस्त्यावर आणली होती.

या पंपाची रचना समजायला अगदी सोपी आहे आणि ती समजल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. पंपाच्या पोटात रबरी कापडाचा एक पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज तारेच्या वेटोळ्यात जाते, वेटोळ्याचा लोहचुंबक होतो आणि तो डायफ्रामला मागे ओढतो. त्याबरोबर टाकीकडून थोडं पेट्रोल आत येतं. डायफ्राम पुरता मागे गेला की एक खटका पडतो, दोन पॉइंट एकमेकांपासून सुटतात आणि वीज तुटते. लोहचुंबकाचं बळ गेलं की एक स्प्रिंग डायफ्रामला पुढे ढकलते आणि आतलं पेट्रोल कार्बुरेटरकडे जातं. पुढे जाता जाता खटका उलटा पडतो, पॉइंट पुन्हा जुळतात, वीज पुन्हा येते. हे असं चालू राहतं आणि प्रत्येक फेरीला एक आवाज येतो : टक्.

खरी हुशारी पुढेच आहे. कार्बुरेटरचं छोटं भांडं भरलं की त्यातला तरंगता गोळा वर येतो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. आता स्प्रिंगने कितीही जोर लावला तरी पेट्रोल पुढे जात नाही. डायफ्राम मागेच थांबतो, पॉइंट सुटलेलेच राहतात, वीज खर्च होत नाही आणि पंप गप्प बसतो. इंजिनाने घोटभर पेट्रोल प्यायलं की पुन्हा एक टक्. म्हणजे जेवढी भूक तेवढंच वाढायचं आणि पोट भरलं की हात आवरायचा. किल्ली फिरवल्यावर आधी भराभर टकटक, मग संथ टक्... टक्... आणि मग शांतता, ही या पंपाची तब्येत ठणठणीत असल्याची खूण. जुने ड्रायव्हर ही शांतता ऐकू आल्याशिवाय स्टार्टरला हात लावत नसत.

माझ्या एका मित्राकडे अशी मायनर होती. त्याचे वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. त्यांनी ती कोणाकडून तरी जुनी विकत घेतली होती आणि तिच्यातून त्यांनी वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत व्हिजिटा केल्या. वडिलांमागे मित्राने ती पुण्यात आणली आणि मनापासून सांभाळली. पण शेवटी शेवटी ती एका विचित्र दुखण्याने पछाडली. गावात फिरवली तर उत्तम चालायची. लांबच्या रस्त्याला काढली की दीड-दोन तासांनी आचके द्यायची आणि बंद पडायची. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची.

शहरातल्या दोन गॅरेजांनी तिच्यावर उपचार केले. एकाने कार्बुरेटर खोलून सगळे वॉशर नवे घातले. दुसऱ्याने पंपाचे पॉइंट आणि डायफ्राम बदलला. मग इग्निशन कॉइल बदलली, मग कंडेन्सर. दर वेळी गाडी गॅरेजच्या आसपास फिरवून पाहिली जायची आणि दर वेळी ती झकास चालायची. बिलं वाढत गेली, बिघाड जागच्या जागी राहिला. ‘उन्हाने पेट्रोलची वाफ होते’ असं शेवटचं निदान झालं आणि पंपावर ओलं फडकं टाकण्याचा सल्ला मिळाला. गंमत म्हणजे तो लागूही पडायचा! फडकं टाकून अर्धा तास बसलं की गाडी सुरू. फडकं न टाकता अर्धा तास बसलं असतं तर काय झालं असतं, हे मात्र कोणी तपासून पाहिलं नाही.

मित्राची पत्नी या प्रकाराला कंटाळली होती आणि ते स्वाभाविकच होतं. सोलापूरच्या एका हौशी गृहस्थांनी गाडीला मागणी घातली. ‘न सापडणारा आजार’ असलेली म्हणून किंमतही उतरून ठरली. मित्राने शब्द दिला. मग दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, गाडी पोहोचवायला म्हणून, ते दोघं आणि सोबतीला मी असे सकाळी पुण्याहून निघालो.

पुणे-सोलापूर रस्ता आता रुंद आणि वेगवान झाला आहे. तो पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आजचा ६५. उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस अशी गावं मागे गेली. पाटस सोडल्यावर पुढच्या गाडीची चाल बिघडली (मी मागून माझ्या गाडीने येत होतो) आणि कुरकुंभच्या चौकाच्या अलीकडे मायनर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. कुरकुंभ म्हणजे अनेक वाटांची गाठ. एक फाटा दौंडला जातो, एक बारामतीला. एकीकडे फिरंगाईचं जुनं देवस्थान, दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे कारखाने आणि त्यांच्याकडे ये-जा करणारे टँकर. अशा ठिकाणी गाड्या दुरुस्त करणारा माणूस न मिळता तरच नवल.

मिळाला तो सत्तरीकडे झुकलेला, ट्रकची आणि ट्रॅक्टरची कामं करणारा वस्ताद. लहानपणी दौंडला एका गॅरेजात कामाला होता. मायनर पाहून त्याचा चेहरा उजळला. ‘लँडमास्टरला असलाच पंप असायचा,’ तो म्हणाला. पण हत्यारांची पेटी काही त्याने उघडली नाही. आधी मित्राला दोन प्रश्न विचारले.

‘मालक, हे दुखणं कधीपासनं लागलं?’

‘झालं असेल दीड वर्ष.’

‘आन् त्याच्या आदी गाडीत नवं काय घातलं?’

मित्राने कार्बुरेटरपासून कंडेन्सरपर्यंतची यादी सांगायला सुरुवात केली. वस्तादाने हाताने थांबवलं. ‘ते सगळं दुखणं लागल्यावर. मी आदीचं इचारतोय.’

मित्र विचारात पडला. उत्तर दिलं ते त्याच्या पत्नीने. ‘टाकीचं झाकण नाही का आपलं हरवलं? पेट्रोल भरायला गेलो तिथेच राहिलं. मग ते किल्लीचं झाकण आणलं. पण झाकणाने काय होतंय!’

वस्ताद काही बोलला नाही. मित्राला किल्ली फिरवायला सांगून त्याने बॉनेटखाली कान लावला. पंप गप्प होता. मग त्याने तळहात पंपावर ठेवला, लगेच शेजारच्या पत्र्यावर ठेवला, पुन्हा पंपावर ठेवला. पत्रा मे महिन्यातल्या पत्र्यासारखा तापला होता, पण पंप त्याहून गरम होता. तेवढ्यावर त्याचं निम्मं निदान झालं. ते कसं, हे त्याने नंतर चहा पिताना सांगितलं. पंप गप्प बसायची कारणं अनेक. पोट भरून गप्प बसला असेल तर पॉइंट सुटलेले असतात, वीज चालू नसते, म्हणून पंप तापत नाही. वीजच येत नसेल तरीही तो तापत नाही. पण गप्प आहे आणि तापलाही आहे, याचा अर्थ वीज येतेय, पॉइंट जुळलेत, लोहचुंबक डायफ्रामला ओढतोय, पण डायफ्राम काही मागे येत नाही. कोणीतरी त्याला पलीकडून धरून ठेवलंय. आणि पलीकडे आहे टाकी.

तो शांतपणे गाडीच्या मागे गेला आणि त्याने टाकीचं झाकण उघडलं. ‘फुस्स’ असा लांब आवाज झाला. बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा आवाज. आणि त्याच क्षणी पुढे, बॉनेटखाली, पंप बोलू लागला. टक्-टक्-टक्-टक्... टक्... टक्... आणि शांतता.

वस्ताद मित्राच्या पत्नीकडे वळला. ‘वहिनी, घरी तेलाचा डबा फोडता तवा भोकं किती पाडता?’

‘दोन,’ त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. एका भोकातून तेल नीट पडत नाही. हवा आत जायला दुसरं भोक लागतंच. हे आपल्याकडच्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतं. मूळच्या झाकणात हवा घेण्याची बारीक सोय होती, दुकानातून आणलेलं झाकण मात्र घट्ट बसणारं होतं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होत गेलं तशी आत पोकळी तयार होत गेली. पंपाची ओढ आणि टाकीची ओढ यांची रस्सीखेच सुरू झाली आणि दीड-दोन तासांनी टाकी जिंकायची. गाडी थांबली की झाकणाच्या रबरातून इवली इवली हवा आत शिरायची आणि अर्ध्या तासात रस्सी पुन्हा सैल व्हायची. श्रेय मिळायचं ओल्या फडक्याला. गावात फिरताना दर थोड्या वेळाने गाडी उभी राहायची, म्हणून तिथे बिघाड दिसायचाच नाही.

झाकण गाडीपासून लांब नेऊन, पुसून, वस्तादाने हाताच्या ड्रिलने त्याला बारीकसं भोक पाडलं. पैसे किती म्हटल्यावर तो हसला. ‘भोकाचं काय घ्यायचं?’ बऱ्याच आग्रहाने त्याने पन्नास रुपये घेतले आणि चहा मात्र त्यानेच पाजला.

मला या माणसाचं जास्त कौतुक वाटलं ते त्याच्या प्रश्नांच्या क्रमाचं. मी आयुष्यभर बँकेत काम केलं आणि आमची सुरुवातीची वर्षं हाताने लिहिलेल्या लेजरची होती. दिवसअखेर जमा-खर्च जुळला नाही तर कोणीही घरी जायचं नाही, असा शिरस्ता होता. शंभर पानं पहिल्यापासून तपासायला घेणारा कारकून रात्री दहापर्यंत बसायचा. अनुभवी माणूस आधी फरकाची रक्कम पाहायचा. ती नऊने भागली जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी. ७२च्या जागी २७ लिहिले तर फरक ४५चा पडतो. फरकाची रक्कम सम असेल तर तिच्या निम्म्याची नोंद चुकून उलट्या बाजूला पडली आहे का, हे शोधायचं. आणि काल जुळत होतं ना? मग कालपर्यंतची पानं उघडायचीच नाहीत. वस्तादाचा पहिला प्रश्न नेमका हाच होता. जिथपर्यंत सगळं ठीक होतं तिथून पुढे काय बदललं?

न जुळणारा फरक ‘सस्पेन्स’ खात्यात टाकून मोकळं होण्याची सोय बँकेत होती, पण चांगला अधिकारी तिचा मोह टाळायचा. कारण सस्पेन्समध्ये टाकलेला फरक मिटत नाही, फक्त नजरेआड होतो. मायनरच्या बाबतीत प्रत्येक नवा भाग हा असाच सस्पेन्समध्ये टाकलेला फरक होता.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. हा माणूस पंपाबद्दल बोलताना सारखा ‘सक्शन’ आणि ‘डिलिव्हरी’ हे दोन शब्द वापरत होता. भीमेच्या आणि कालव्याच्या या पट्ट्यात हे शब्द शेतकऱ्याच्या घरचे आहेत. विहिरीवरच्या पंपाने पाणी सोडलं की शेतकरी आधी सक्शनचा पाइप पाहतो : फूट व्हॉल्व्ह गळतोय का, सांध्याला हवा धरलीय का. कारण पंप पाणी ‘ओढतो’ हे आपलं बोलणं झालं. खरं तर पंप फक्त पोकळी करतो आणि पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. इटलीच्या टॉरिसेलीने सतराव्या शतकात हे दाखवून दिलं. म्हणूनच पंप पाण्यापासून साधारण दहा मीटरपेक्षा उंच ठेवला तर जगातला कोणताही पंप पाणी खेचू शकत नाही. व्यवहारात तर त्याहून बरंच खाली ठेवावा लागतो. बाहेरच्या हवेला आत जायची वाटच नसेल तर ढकलणार कोण? शहाळ्याला स्ट्रॉपुरतंच घट्ट भोक पाडलं तर दोन घोटांनंतर पाणी येईनासं होतं, तसंच हे.

सोलापूरला पोहोचेपर्यंत, म्हणजे पुढचे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, मायनर एकदाही थांबली नाही. मित्राने नव्या मालकांना घडलेलं सगळं सांगितलं. ‘आजार सापडलाय, गाडी आता निरोगी आहे,’ असंही सांगितलं. भाव वाढवून मागावा असं मला वाटलं, पण शब्द दिलेला होता. तो त्याने पाळला. परतीच्या वाटेवर माझ्या गाडीत तो बराच वेळ गप्प होता. त्याची पत्नी एकदाच म्हणाली, ‘हे आधी कळलं असतं तर...’ पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही.

नव्या मालकांचा मुलगा अभियांत्रिकीला होता. त्याच्यासाठी मी वस्तादाकडून ऐकलेलं आणि नंतर जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांशी ताडून पाहिलेलं एका कागदावर लिहून पाठवलं. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांना ते उपयोगी पडेल म्हणून इथे सांगतो.

आधी किल्ली फिरवा, इंजिन सुरू न करता ऐका. पंप भराभर टकटकत राहिला आणि थांबेचना, तर तो पेट्रोलऐवजी हवा ओढतोय : टाकी रिकामी आहे किंवा टाकी ते पंप या वाटेवर कुठेतरी सांधा ढिला आहे. पंप एकदा शांत झाला, पण इंजिन बंद असतानाही दर काही सेकंदांनी एखादी टक् ऐकू येते, तर भरलेलं पेट्रोल कुठेतरी परत जातंय किंवा गळतंय. आतली झडप तपासा, कार्बुरेटर ओला आहे का ते पाहा. पंप मुळीच बोलत नसेल तर टाकीचं झाकण उघडा. बोलू लागला तर दोष झाकणात. नाहीच बोलला तर टेस्ट लॅम्पने पंपापर्यंत वीज येते का ते बघा, आणि अर्थिंगची तारही बघा; तिला गंज धरलेला असतो आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. वीज येत असेल तर पंपाच्या अंगावर हलकेच टिचकी मारा. टिचकीने जागा झाला तर पॉइंट काळे पडलेत. तेवढ्यापुरता तो घरी नेईल, पण पॉइंट साफ करणं टाळू नका. पंप बोलतो, शांत होतो, तरीही इंजिनाला पेट्रोल नाही, तर दोष पुढे, कार्बुरेटरच्या सुईपाशी. म्हणजे टाकी, नळी, पंप, कार्बुरेटर या साखळीत आपण कुठे उभे आहोत ते आधी ठरवायचं. दोष आपल्या मागे की पुढे, एवढंच दर पायरीला विचारायचं. दर उत्तराला शोधायची जागा कमी होत जाते.

आणि हे करताना पेट्रोल हे पेट्रोल आहे, हे विसरायचं नाही. नळी सोडण्याआधी बॅटरीची तार काढायची, विडी-सिगारेट लांब ठेवायची, इंजिन गार होऊ द्यायचं. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची आपल्याकडची सवय तर साफ सोडायची. ते फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

अलीकडे या जुन्या पंपांपुढे एक नवी अडचण आली आहे आणि तिचं नातं याच परिसराशी आहे. दौंड तालुका उसाचा. हंगामात कुरकुंभ-पाटसच्या रस्त्याला उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. ऊस आणि धान्य यांपासून तयार होणारं इथेनॉल आता आपल्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३पासून विकायला सुरुवात झाली. मूळ उद्दिष्ट २०३०चं होतं, ते २०२५मध्येच गाठलं गेलं. शेतकऱ्याला आणि देशाच्या तेलाच्या बिलाला याचा फायदा असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण सत्तर वर्षांपूर्वीच्या पंपातलं रबर आणि बुचाचे वॉशर या पाहुण्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल त्यांना फुगवतं, कडक करतं. शिवाय ते हवेतली ओल शोषून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी जमून गंज धरतो आणि तो गंज नळीतून पंपाच्या गाळणीत येऊन बसतो. इथेनॉलला टिकणारे डायफ्राम आता मिळतात, ते घालून घ्यावेत आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवावी. सरकारने जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. कागदावर गाडी वाचवण्याची वाट झाली आहे. पण तिच्या पोटातला पंप कागदाने चालत नाही.

आजच्या गाड्यांत पंप टाकीच्याच आत, पेट्रोलमध्ये बुडवलेला असतो. तो ओढत नाही, ढकलतो. बिघडला तर गॅरेजवाला एक यंत्र जोडतो, पडद्यावर एक आकडा उमटतो आणि त्या आकड्याप्रमाणे भाग बदलला जातो. सोय मोठी आहे, वेळ वाचतो, ती नाकारण्याचं कारण नाही. पण टाकीच्या झाकणाला भोक नाही, हे सांगणारा आकडा त्या मायनरसाठी कुठून येणार होता? ते सापडलं एका बाईच्या आठवणीतून आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या तळहातातून.

त्या वस्तादाची दोन्ही मुलं वसाहतीतल्या कारखान्यात कामाला आहेत. पाळी असते, महिन्याला पगार असतो, पीएफ असतो. ‘चांगलंय त्यांचं,’ तो मनापासून म्हणाला. ‘ह्या कामात आता कोन येतंय?’ त्याच्या हाताखाली त्या दिवशी एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता, सुट्टीपुरता आलेला भाचा. पंप बोलू लागला तेव्हा तो मोबाइल खिशात टाकून धावत पुढे आला होता. ‘मामा, पुन्यांदा लावा की झाकण, थांबतंय का बगू,’ म्हणाला. वस्तादाने झाकण पुन्हा घट्ट लावलं, मित्राला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि त्या पोराला बॉनेटपाशी उभं केलं. ‘आता ऐकत ऱ्हा,’ म्हणाला. ‘थांबायच्या आदी आवाज कसा बदलतो, ते मला येऊन सांग.’ आणि भर उन्हात तो पोरगा कान लावून उभा राहिला.